सत्तरच्या दशकातले रॉक अल्बम: एका वेळी एक बाजू

ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'मध्ये 'वेस्टेड टाइम' हे गाणं संपतं आणि लगेच त्याचीच सव्वा मिनिटाची, नुसत्या तंतुवाद्यांवरची पुनरावृत्ती सुरू होते. फोनवर ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर आत्ताच ऐकलं! १९७६च्या रेकॉर्डवर मात्र या दोन्हींच्या मधे ऐकणारा खुर्चीतून उठायचा, सुई उचलायचा, तबकडी उलटायचा आणि परत येऊन बसायचा. गाणं पहिल्या बाजूचं शेवटचं आणि पुनरावृत्ती दुसऱ्या बाजूची पहिली. मालिकेचा नवा भाग सुरू होताना मागच्या भागाची झलक दाखवतात, तसंच हे. मधली उसंत काढली की त्या तुकड्याला कामच उरत नाही.

१९७० ते १९७९ या काळातले बहुतेक नावाजलेले रॉक अल्बम असेच बाजूंच्या हिशेबाने रचलेले आहेत. ते नीट ऐकायचे तर माप बाजूचं धरावं: साधारण वीस मिनिटं, मग थोडी उसंत, मग पुढची वीस. फोन असो, सीडी असो वा रेकॉर्ड, कोणती आवृत्ती घ्यायची, आवाज किती ठेवायचा, सुई कशी लावायची, हे सगळं या मापावरून ठरवता येतं.

बाजू वीस मिनिटांचीच का

एलपी, म्हणजे अल्बमची मोठी तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. हा वेग कडेला आणि मध्याशी सारखाच असतो, पण कडेच्या फेऱ्याचा घेर मोठा आणि आतल्याचा लहान. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २१. बाहेर जो आवाज ऐसपैस बसतो, तोच आत निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. त्याचा पहिला फटका बसतो तो वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना, म्हणजे झांजांच्या किणकिणीला आणि गायकाच्या 'स', 'श'ला.

दुसरी अडचण लांबीची. बाजू २२-२३ मिनिटांच्या पुढे गेली की खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, आणि जवळ आणायच्या तर आवाजाची पातळी आणि खर्ज दोन्ही कमी करावे लागतात. फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स'मधून (१९७७) 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे गाणं गळलं ते याच जागेच्या हिशेबात. ते 'गो युवर ओन वे'च्या सिंगलच्या पाठच्या बाजूला गेलं.

या दोन्ही अडचणींमुळे गाण्यांचा क्रम ठरताना एक सोयीचा रिवाज पडला: बाजू दणक्यात उघडायची, शेवटाला शक्यतो शांत गाणं ठेवायचं. 'रूमर्स'ची पहिली बाजू पियानोवरच्या 'साँगबर्ड'ने मिटते आणि दुसरी 'द चेन'ने उघडते. सगळ्यांनी हा रिवाज पाळला नाही. न पाळल्याची किंमत सर्वांत जास्त कुठे मोजावी लागते, ते पुढे लेड झेपलिनपाशी येईलच.

फोनवर ऐकताना आधी काय बंद करायचं

शफल बंद करायचं हे सांगायला नको. पण बाकीच्या चार-पाच गोष्टी सेटिंगच्या आत दडलेल्या असतात आणि त्याच घात करतात.

१. क्रॉसफेड शून्यावर आणा. दोन गाणी एकमेकांत विरघळवणारी ही सोय पार्टीसाठी ठीक. या अल्बमांत मात्र जिथे गाणी जोडायची तिथे ती मुळातच जोडलेली आहेत.

२. गॅपलेस, म्हणजे दोन गाण्यांमधे खंड न पाडता वाजवण्याची सोय, चालू ठेवा. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत वाहत जातो. गॅपलेस नसेल तर सांध्यावर अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडतो आणि तो कानाला खटकल्याशिवाय राहत नाही. स्वतःच्या एमपी३ फायली असतील तर हा दोष येऊ शकतो, कारण एमपी३ करताना फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटते. उपाय दोन: फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणाऱ्या प्रकारच्या) फायली वापरा, नाहीतर सीडीवरून अख्खी बाजू एकाच फाइलमध्ये उतरवा.

३. नॉर्मलायझेशन, म्हणजे गाण्यांचा आवाज आपोआप एका पातळीवर आणणारी सोय, बंद करा किंवा 'अल्बम' या पर्यायावर ठेवा. गाण्यागणिक नॉर्मलायझेशन चालू असेल तर 'साँगबर्ड' 'गो युवर ओन वे'इतकंच मोठ्याने वाजतं. कुजबुज आणि आरोळी एकाच पातळीवर आली की क्रमामागचा सगळा विचार मातीत जातो. 'अल्बम' पर्यायात सगळी गाणी एकाच मापाने वर-खाली होतात, त्यामुळे आपापसातला फरक टिकतो.

४. मोनो ऑडिओ बंद आहे ना, पाहा. हा पर्याय ऐकण्याच्या सुलभ सोयींच्या यादीत असतो आणि कधीतरी चुकून चालू झालेला असतो. 'डार्क साइड'मधल्या 'ऑन द रन'चे आवाज एका कानातून दुसऱ्या कानात पळत नसतील, तर बहुधा हाच प्रकार. एकच इअरबड घालून ऐकणाऱ्याचं नुकसान याहून जास्त. त्याला दुसऱ्या बाजूला ठेवलेलं वाद्य ऐकूच येत नाही.

५. ऑटोप्ले बंद. अल्बम संपल्यावर जी शांतता असते ती हवीच असते.

आता प्रत्येक अल्बमच्या दोन प्लेलिस्ट करा, 'पहिली बाजू' आणि 'दुसरी बाजू'. कोणतं गाणं कुठल्या बाजूला आहे ते मूळ रेकॉर्डच्या लेबलच्या छायाचित्रावरून घ्या. सीडीच्या किंवा अॅपच्या यादीत बाजू दाखवलेली नसते आणि निम्म्या गाण्यांवर रेघ मारून ती काढता येत नाही. बाजू समान लांबीच्या नसतात: 'डार्क साइड'ची पहिली सुमारे १९ मिनिटांची, दुसरी साडेतेवीसच्या आसपास. पहिली प्लेलिस्ट संपली की उठा, पाणी प्या, दोनेक मिनिटांनी दुसरी लावा.

कोणती आवृत्ती

एकाच अल्बमच्या सात-आठ आवृत्त्या समोर येतात आणि सगळ्यांवर काहीतरी भारदस्त लिहिलेलं असतं. त्यातले दोन शब्द नीट ओळखले की बरंच काम होतं. रीमास्टर म्हणजे तेव्हाचंच दोन चॅनेलचं तयार मिक्स (सगळी वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवलेलं ध्वनिमुद्रण) घेऊन त्याची पातळी, खर्ज-टीप पुन्हा बसवणं. रीमिक्स म्हणजे मूळ १६ किंवा २४ ट्रॅकच्या टेपपर्यंत मागे जाऊन गिटार किती, ढोल किती, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, हे सगळं नव्याने ठरवणं. रीमिक्समध्ये वेगळा अल्बमच ऐकायला मिळतो म्हटलं तरी चालेल. स्टीव्हन विल्सनने केलेली येस आणि जेथ्रो टलची रीमिक्स उत्तम आहेत, पण ती दुसऱ्या फेरीत ऐकावीत. आधी मूळ मिक्स कानात बसू द्या, म्हणजे काय बदललं ते कळेल.

रीमास्टरमध्ये फसगत होते ती जोरामुळे. नव्या आवृत्तीत आवाज वर खेचून शिखरं छाटलेली असतील तर पहिली दोन मिनिटं ती सरस वाटते आणि वीस मिनिटांनी कान थकतात. तपासायला सोपं आहे. ऑडासिटी या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या संगणक-प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. ढोलाचे ठोके सुटे सुटे वर आलेले दिसत असतील तर ठीक. सगळं मिळून वीट ठेवल्यासारखा सपाट पट्टा दिसत असेल तर ती आवृत्ती सोडून द्या. दोन आवृत्त्या कानाने ताडून पाहायच्या असतील तर जी मोठ्याने वाजते तिचा आवाज आधी खाली आणून दोन्ही समान करा. एखाद्या डेसिबलने वरचढ असलेली गोष्ट माणसाला उगीचच चांगली वाटते.

'डीलक्स', 'एक्स्पांडेड' आवृत्त्यांत मूळ अल्बमनंतर उरलेसुरले टेक, मैफलीतली रेकॉर्डिंग वगैरे जोडलेले असतात. ते वेगळे ऐका. काही वेळा तर जोडणी शेवटी न करता मधेच केलेली असते. 'रूमर्स'च्या काही आवृत्त्यांत 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' थेट 'साँगबर्ड' आणि 'द चेन'च्या मधे घातलंय, म्हणजे नेमकं जिथे तबकडी उलटायची त्या जागी. गाणं सुरेखच आहे, पण ते प्लेलिस्टमधून काढा.

आवाज कुठे लावायचा

सर्वांत जास्त चुका पहिल्या मिनिटात होतात. 'डार्क साइड' हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, तेही इतके हलके की काही वाजतंय की नाही कळत नाही. ऐकणारा आवाज वाढवतो. मग किंकाळी येते, पुढे 'टाइम'च्या सुरुवातीला दुकानभर घड्याळं एकदम वाजतात आणि हेडफोन काढून फेकावा लागतो. येसच्या 'क्लोज टू द एज'मध्येही (१९७२) तेच: पक्षी, वाहतं पाणी, हळूहळू जवळ येणारा नाद आणि मग सगळा बँड अंगावर. रीत अशी ठेवा: आधी अल्बममधलं मधल्या जोराचं गाणं लावून आवाज ठरवा ('डार्क साइड'साठी 'ब्रीद'), मग सुरुवातीला जा आणि बटणाला हात लावू नका.

पिंक फ्लॉइडच्याच 'विश यू वेअर हिअर'मध्ये (१९७५) दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'हॅव अ सिगार' संपता संपता अख्खा आवाज आक्रसून छोट्या रेडिओइतका होतो. स्पीकर गेला असं वाटून लोक वायरी हलवायला उठतात. तो गेलेला नसतो. पुढे रेडिओची स्टेशनं बदलतात आणि त्या बारक्या आवाजातल्या गिटारवर समोरून दुसरी, भरदार गिटार येऊन बसते. घरात बसून रेडिओबरोबर कुणी वाजवतंय असा तो देखावा आहे.

डेव्हिड बोईच्या 'झिगी स्टारडस्ट'च्या (१९७२) मागच्या कव्हरवर तर छापलंच आहे की हा जास्तीत जास्त आवाजात वाजवावा. शब्दशः घेऊ नका. पण अगदी हळू लावून रॉक ऐकण्यातही अर्थ नाही, कारण आवाज कमी झाला की कानाला खर्ज सर्वांत आधी ऐकू येईनासा होतो आणि बेस गिटार गायब होते. शेजारच्या माणसाशी बोलायला आवाज थोडा चढवावा लागेल, इतपत ठीक. स्पीकर असतील तर दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, टीपेचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला ठेवा, आणि दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभर तरी पुढे घ्या. भिंतीला टेकले की खर्ज घुमतो.

कुठून सुरू करायचं आणि काय पकडायचं

नव्याने ऐकणाऱ्याने लांबलचक रचनांनी सुरुवात करू नये. 'रूमर्स' घ्या, मग डीप पर्पलचा 'मशीन हेड' (१९७२). दोन्हीत गाणी सुटी आहेत आणि बाजूचा तोल सहज कळतो. 'मशीन हेड' माँट्रोमधल्या एका हॉटेलच्या बोळात, रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ-गाडी बाहेर उभी करून ध्वनिमुद्रित झाला, कारण ठरलेलं कॅसिनो डिसेंबर १९७१मध्ये जळालं. 'स्मोक ऑन द वॉटर' त्याच आगीवर आहे आणि ते दुसऱ्या बाजूच्या अग्रभागी आहे. पहिल्यांदा ऐकताना जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनवर कान ठेवा. तो इतका कर्कश केलेला आहे की दुसरी गिटारच वाटते.

पुढे ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'बॉर्न टू रन' (१९७५). बाजू म्हणजे काय ते याच्याइतकं उघड कुठे दिसत नाही. पहिली बाजू 'थंडर रोड'ने उघडते, 'बॅकस्ट्रीट्स'ने मिटते. दुसरी 'बॉर्न टू रन'ने उघडते, 'जंगललँड'ने मिटते. चार कोपऱ्यांवर चार मोठी गाणी, त्यांच्या आधाराने मधली. सलग ऐकलं तर 'बॅकस्ट्रीट्स'च्या लांबलेल्या आक्रोशावर लगेच 'बॉर्न टू रन'चा ढोल आदळतो आणि दोन्हींचं मोल कमी होतं.

'द हू' या बँडचा 'हूज नेक्स्ट' (१९७१) याच टप्प्यावर घ्या. पहिलं गाणं 'बाबा ओ'रायली'. त्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे संगीतकार टेरी रायली. सुरुवातीचा तो गरगरणारा नाद सिंथेसायझरचा समजला जातो, पण तो लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा आहे. शेवटी व्हायोलिन येतं तेव्हा लय वाढत जाते. किती वाढली ते मोजायचं असेल तर पायाने ठेका धरून पाहा, पाय दमतो.

'डार्क साइड' आता. पहिल्या बाजूच्या शेवटी 'द ग्रेट गिग इन द स्काय', ज्यात क्लेअर टॉरीने एकही शब्द न घेता नुसत्या आलापांवर सगळं सांगितलंय. इथे थांबा. दुसरी बाजू 'मनी'च्या गल्ल्याच्या खणखणाटाने उघडते. टेपचे तुकडे कापून, चिकटवून, त्यांचं कडं करून तो ठेका बनवला होता. मात्रा मोजा: सात. सात म्हटल्यावर रूपक ताल आठवेल, पण रूपकात समेवर 'खाली', म्हणजे बिनजोराची मात्रा असते, इथे पहिल्या मात्रेवर जोर आहे. सॅक्सोफोन त्या सातातच वाजतो. गिटारचा तुकडा सुरू होताच मात्रा चार होतात, आणि दोन-तीनदा ऐकल्यावर तो बदल अंगात जाणवायला लागतो. इंजिनिअर अॅलन पार्सन्स, स्टुडिओ अॅबी रोड.

'लेड झेपलिन ४' (१९७१, कव्हरवर नाव नाही म्हणून लोकांनीच पाडलेलं नाव) हा मध्यभागी ठेवावा असा अल्बम. पहिल्या बाजूच्या शेवटी 'स्टेअरवे टू हेवन', आठ मिनिटं. दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', ज्यातला ढोल हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या दालनात खाली वाजवला आणि माइक जिन्यात वर टांगले. ढोलाच्या जवळ माइक नाही. म्हणून प्रत्येक ठोक्याबरोबर ती जागासुद्धा ऐकू येते. हेडफोनवर हे गाणं ऐकताना ठोका आणि त्याच्या मागची पोकळी वेगवेगळी ऐकण्याचा प्रयत्न करा.

क्वीनच्या 'अ नाइट अॅट द ऑपेरा'त (१९७५) सगळे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'कडे धावतात. ते दुसऱ्या बाजूचं जवळजवळ शेवटचं गाणं आहे. बाजू सुरू होते 'द प्रॉफेट्स साँग'ने, ज्यात फ्रेडी मर्क्युरीचा एकच आवाज उशिराने परत येत स्वतःशीच सवाल-जवाब करतो, डावीकडे, उजवीकडे. ते ऐकून मग पुढे गेलात तर 'ऱ्हॅप्सडी'तला आवाजांचा डोंगर अचानक आलेला वाटत नाही. ब्लॅक सॅबथचा 'पॅरॅनॉइड' (१९७०) हवा तेव्हा ऐका, त्याला तयारी लागत नाही.

शेवटी लांब पल्ल्याचे. 'क्लोज टू द एज'च्या पहिल्या बाजूवर एकच रचना, पावणेएकोणीस मिनिटांच्या आसपास. जेथ्रो टलच्या 'थिक अॅज अ ब्रिक'मध्ये (१९७२) दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. ते मधे विरत जातं आणि उलटल्यावर पुन्हा वर येतं. हे दोन पहिल्याच बैठकीत पूर्ण कळतील असं धरू नका. एक बाजू आठवडाभर रोज ऐका, मग दुसरीला हात घाला.

रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांसाठी

कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या डबीतून, येणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा असतो, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला, टीप वाढवलेली असते. हे उलट करायला फोनो प्रीअँप लागतो. तो नसेल तर आवाज पातळ आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, आणि दोन प्रीअँप एकामागे एक लागले असतील तर फाटका आणि घुमणारा. प्लेअरमध्ये तो आत बसवलेला आहे का हे मागचं बटण पाहून ठरवा. गुणगुण ऐकू येत असेल तर जमिनीची (अर्थिंगची) वायर अँपच्या स्क्रूला लागलेली नाही.

सुईचं वजन, म्हणजे तिचा खाचेवर पडणारा भार, साध्या कार्ट्रिजला बहुधा १.५ ते २.५ ग्रॅमच्या दरम्यान असतं. निर्मात्याने दिलेला आकडा पाळा आणि शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर मोजा. टोनआर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यावर विसंबू नका. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते हा समज उलटा आहे: हलकी सुई मोठ्या आवाजाला खाचेत आपटत चालते आणि भिंत झिजवते. शंका असेल तर दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवा.

कार्ट्रिजचा कोन कागदी प्रोट्रॅक्टरवर लावायचा. बेरवाल्ड पद्धतीत मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवरच्या दोन बिंदूंवर कार्ट्रिज रेघांना समांतर आलं पाहिजे. लागलं की नाही ते तपासायला 'स्टेअरवे'सारखी परीक्षा नाही. शांत सुरुवात, आणि सगळा दणका शेवटच्या दोन मिनिटांत, म्हणजे नेमका लेबलला लागून, जिथे खाच सर्वांत चिंचोळी. तिथे रॉबर्ट प्लँटचा आवाज खरखरत असेल पण त्याच बाजूचं पहिलं गाणं 'ब्लॅक डॉग' स्वच्छ वाजत असेल, तर कोन चुकलाय किंवा सुईचं टोक गोल आहे. लंबवर्तुळी किंवा त्याहून बारीक टोकाच्या सुईने फरक पडतो. कोन अचूक आणि सुई नवी असूनही खरखर तशीच राहिली, तर आधीच्या मालकाच्या बोथट सुईने खाच खाल्लेली आहे. त्याला इलाज नाही, दुसरी प्रत शोधा.

बाकी दोष कानाने ओळखता येतात. दर १.८ सेकंदांनी येणारा 'टक्' म्हणजे आडवा ओरखडा. नखाला लागत असेल तर तो वाजणारच. अनियमित तडतड म्हणजे धूळ किंवा स्थिर वीज. दर फेऱ्याला सूर किंचित चढतो-उतरतो, विशेषतः 'ग्रेट गिग'च्या सुरुवातीच्या पियानोवर, तर भोक मध्याला नाही किंवा तबकडी वाकलीय. 'स'चे फवारे उडत असतील तर आधी सुई साफ करा: मऊ ब्रशने मागून पुढे, आडवं कधीच नाही. एका बाजूचा आवाज गेला असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक वायरींपैकी एक सैल असते.

धुण्यासाठी ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ओलावा पसरवणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं ठेवा, खाचेच्या दिशेने गोल पुसा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवा. नळाचं पाणी सुकलं की क्षार खाचेत बसतात आणि मग तेच तडतडतात. हे मिश्रण विनाइलसाठी आहे. ७८च्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावलं तर त्या खराब होतात. प्रत्येक वेळी वाजवण्याआधी कार्बन फायबरचा कोरडा ब्रश पुरे.

रेकॉर्ड उभ्या ठेवा, तिरक्या नाहीत. त्यातही रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स' (१९७१) खास जपावा लागतो. कव्हरवरच्या जीन्सला खरीखुरी चेन आहे. गठ्ठ्यात एकावर एक रचल्यावर ती वरच्या रेकॉर्डमध्ये रुतायची आणि 'सिस्टर मॉर्फिन'पाशी खड्डा पाडायची. तोडगा असा निघाला की चेन अर्धी खाली ओढूनच माल पाठवायचा, म्हणजे उंचवटा लेबलवर येतो आणि खाचा वाचतात. तुमच्याकडची प्रतही तशीच अर्धी उघडी ठेवा. त्याहून बरं म्हणजे तबकडी साध्या पाकिटात बाहेर आणि कव्हर वेगळं.

जुनी प्रत घेताना कव्हरपेक्षा लेबलभोवतीची गुळगुळीत पट्टी वाचा. विजेरी तिरकी धरली की कोरलेली अक्षरं उठतात. ती कापणाऱ्या इंजिनिअरची खूण असते. 'लेड झेपलिन ४'च्या सुरुवातीच्या ब्रिटिश प्रतींवर 'पोर्की' आणि 'पेको डक' असं आढळतं, ही जॉर्ज पेकमची सही. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या पहिल्या बाजूच्या पट्टीत 'सहा वाजले का?' अशा अर्थाचं वाक्य आहे, तर दुसरीत 'व्हिक्टिम ऑफ लव्ह' पाचही जणांनी एकत्र वाजवून घेतल्याची नोंद आहे. दशकाच्या उंबरठ्यावरच्या 'लेड झेपलिन २'च्या (१९६९) काही अमेरिकन प्रतींवर बॉब लडविगची 'आरएल' ही अक्षरं असतात. तो कट इतका जोरकस होता की साध्या प्लेअरवर सुई उडायची, म्हणून पुढच्या कटमध्ये पातळी उतरवली. १९७३च्या तेलटंचाईनंतर बऱ्याच तबकड्या पातळ आणि पुनर्वापर केलेल्या विनाइलच्या निघाल्या, त्यामुळे त्या वर्षांतली प्रत घेण्याआधी वाजवून पाहिलेली बरी. कव्हरवर 'क्वाड्राफोनिक' (चार स्पीकरसाठीचं) दिसलं तर ते बहुधा वेगळं मिक्स असतं. स्टिरिओवर ते वाजतं, पण पहिल्या ओळखीसाठी साधी स्टिरिओ प्रतच घ्या.

दुहेरी अल्बम घेतल्यावर लेबलवरचे आकडे बघा. अमेरिकेतल्या कित्येक दुहेरी अल्बममध्ये पहिल्या बाजूच्या पाठीवर दुसरी नसून चौथी बाजू असते, आणि दुसऱ्या तबकडीवर दुसरी आणि तिसरी. तेव्हाचे चेंजर (आपोआप तबकडी बदलणारे प्लेअर) तबकड्या एकावर एक आपोआप टाकायचे, आधी पहिली, मग दुसरी, नंतर गठ्ठा उलटला की तिसरी आणि चौथी. हे माहीत नसेल तर नुसती तबकडी उलटून अल्बमच्या मधूनच शेवटावर उडी पडते.

पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'मध्ये (१९७९) तर शेवट सुरुवातीला जोडलेला आहे. चौथी बाजू जिथे संपते तिथे हलक्या सुरावर एक माणूस वाक्य सुरू करतो आणि ते मधेच तुटतं. त्याचा उरलेला भाग पहिल्या बाजूच्या अगदी सुरुवातीला आहे, त्याच सुरावर. फोनवर अल्बम 'रिपीट'वर टाकून, गॅपलेस चालू ठेवून शेवटचं गाणं लावा, सांधा लगेच ऐकू येईल. रेकॉर्डवर दोन तबकड्यांची अदलाबदल करावी लागते, म्हणून पहिली तबकडी आधीच पाकिटाबाहेर काढून, पुसून हाताशी ठेवा.